साठी बुद्धी नाठी? : वार्धक्यातील विस्मरण आणि मेंदूतील रसायने

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी फार पूर्वीपासून आहे. घरातील वडीलधारी व्यक्ती काही आणण्यासाठी आतल्या खोलीत जाते आणि आपण कशासाठी आलो हेच विसरते. हातातला चष्मा कोठे ठेवला ते तिला आठवत नाही. मधेच कोणी हाक मारली की चाललेल्या हिशेबाचा धागा तुटतो. अशा वेळी घरातील मंडळी हसून ही म्हण उच्चारतात आणि त्या व्यक्तीला उगाच खजील व्हावे लागते. परंतु याच व्यक्तीला पन्नास वर्षांपूर्वीचा दुष्काळ, गावातील जमिनींच्या हद्दी, नात्यागोत्यातील बारकावे अचूक आठवत असतात. मग बुद्धी नाठी होते म्हणजे नेमके काय होते? ती खरोखरच नाहीशी होते, की तिचा एखादा साहाय्यक थकतो? या प्रश्नाचे बरेचसे समाधानकारक उत्तर गेल्या सुमारे पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांना मिळाले आहे आणि ते प्रामुख्याने वृद्ध माकडांच्या अभ्यासातून मिळाले आहे.

हा प्रश्न केवळ घरगुती कुतूहलाचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाच्या विकाराने ग्रस्त असाव्यात असा अंदाज आहे. याचा दुसरा अर्थ असा की, वृद्धांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक व्यक्तींना हा रोग नाही. त्यांच्यापैकी अनेकांना जे विस्मरण होते ते वयोमानाचे असते. या दोन गोष्टींची गल्लत झाली तर दोन्ही बाजूंनी हानी होते. रोग झालेल्या माणसाकडे ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्ष होते आणि निरोगी वृद्धाला ‘आता यांच्याने काही होणार नाही’ असे म्हणून बाजूला सारले जाते. यास्तव वयोमानानुसार होणाऱ्या विस्मरणाचे मूळ कोठे आहे हे समजून घेणे अगत्याचे आहे.

माकडांचीच निवड का?

माणूस, वानर आणि माकडे यांचा समावेश प्राणिशास्त्रज्ञ ‘नरवानर गण’ या एकाच गणात करतात. या गणातील प्राण्यांच्या मेंदूचे एक वैशिष्ट्य म्हणजे कपाळाच्या मागे असलेला, चांगला विकसित झालेला अग्रभाग. याला पूर्वललाट भाग असे म्हणतात. पुढचा विचार करणे, मन आवरणे, एखादी गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवून तिच्या आधारे काम करणे, ही कार्ये या भागाकडे असतात. उंदरामध्ये हा भाग इतका विकसित नसतो. त्यामुळे या विशिष्ट प्रश्नाच्या अभ्यासासाठी उंदीर पुरेसा ठरत नाही.

प्रयोगशाळांतून सर्वाधिक अभ्यासले गेलेले माकड म्हणजे ऱ्हीसस जातीचे माकड होय. उत्तर भारतातील मंदिरे, बाजारपेठा आणि रेल्वे स्थानके यांच्या परिसरात दिसणारे हेच ते माकड. महाराष्ट्रात आढळणारे, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखे दिसणारे माकड हे त्याचे जवळचे भाऊबंद असून काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर मात्र निराळे आहे. ऱ्हीसस माकड बंदिस्त अवस्थेत साधारणतः पंचवीस वर्षे जगते, क्वचित चाळिशीपर्यंतही पोहोचते. माकडाचे एक वर्ष म्हणजे माणसाची सुमारे तीन वर्षे, असा ढोबळ हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. वीस वर्षांचे माकड म्हणजे साठीचा माणूस असे स्थूलमानाने म्हणता येते.

माकडाच्या अभ्यासाचा आणखी एक लाभ आहे. वृद्ध माणसाच्या विस्मरणामागे तंबाखू, मद्य, मधुमेह, रक्तदाब, औषधे अशी अनेक कारणे मिसळलेली असतात. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडाचा जन्मापासूनचा आहार, आजार आणि दिनक्रम नोंदलेला असतो. शिवाय वृद्ध ऱ्हीसस माकडाच्या मेंदूत अल्झायमरच्या रोगात दिसणाऱ्या काही खुणा आढळत असल्या, तरी माणसाप्रमाणे त्या रोगाचे पूर्ण स्वरूप आणि मोठ्या प्रमाणावरील पेशीनाश त्याच्यात दिसून येत नाही. म्हणून रोग बाजूला ठेवून केवळ वयाचा परिणाम काय होतो, हे त्याच्यावरून चांगले पाहता येते.

भारताशी असलेले नाते

या संशोधनाचा भारताशी असलेला संबंध फारसा लक्षात घेतला जात नाही. १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतातून सुमारे चारशे ऱ्हीसस माकडे जहाजाने नेऊन कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सँटियागो या छोट्या बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तेथे मोकळेपणाने नांदत असून वार्धक्याच्या अभ्यासाचे ते एक महत्त्वाचे केंद्र आहे. १९४० मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी वर्णन केलेल्या रक्तातील ‘आर-एच’ घटकाचे नावही याच माकडावरून पडले. पुढे कित्येक वर्षे भारतातून हजारो माकडे परदेशी प्रयोगशाळांना पाठविली जात. १९७८ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. त्यानंतर अमेरिकेतील केंद्रांनी माकडांची पैदास तेथेच करण्यावर भर दिला. आज तेथील संशोधनात वापरली जाणारी अनेक ऱ्हीसस माकडे मूळ भारतीय वंशाचीच आहेत.

आठवणीची परीक्षा

माकड बोलत नाही. मग त्याची स्मृती कशी मोजावयाची? त्यासाठी एक साधी परंतु कल्पक परीक्षा वापरली जाते. माकडासमोर एका फळीवर दोन खळगे असतात. त्याच्या देखत एका खळग्यात मनुका किंवा शेंगदाणा ठेवला जातो. मग दोन्ही खळगे सारख्याच झाकणांनी झाकले जातात आणि मध्ये पडदा सोडला जातो. काही सेकंदांनी पडदा वर जातो आणि माकडाने योग्य झाकण उचलावयाचे असते. पुढच्या खेपेस खाऊ कोणत्या बाजूस असेल याचा नेम नसतो. त्यामुळे सवयीचा येथे काही उपयोग होत नाही. आताच पाहिलेली गोष्ट मनात धरून ठेवणे एवढाच मार्ग उरतो. नुसत्या अंदाजाने उचलल्यास शंभरात पन्नास वेळा यश मिळेल. त्याहून जितके अधिक, तितकी स्मृती चांगली.

या प्रकारच्या स्मृतीस कार्यस्मृती असे म्हणतात. मनातली ही पाटी असते. तिच्यावर लिहावयाचे, काम झाले की पुसावयाचे आणि पुन्हा नवे लिहावयाचे. बेरीज करताना हातचा लक्षात ठेवणे, ऐकलेला दूरध्वनी क्रमांक लिहून होईपर्यंत मनात घोळविणे ही या पाटीचीच कामे होत. वर्षानुवर्षांच्या आठवणींचे कोठार निराळे आणि ही पाटी निराळी.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठात कार्लाइल जेकबसेन यांनी दाखवून दिले की, पूर्वललाट भाग काढून टाकलेल्या माकडाला ही परीक्षा देता येत नाही. त्याची दृष्टी शाबूत असते, हात चालतात, भूकही असते. परंतु पडदा पडला की त्याच्या मनातून खाऊची जागा निघून जाते. १९४२ मध्ये असे आढळून आले की, मधल्या काळात दिवा मालवून अंधार केला तर अशा माकडांची कामगिरी पुष्कळच सुधारते. म्हणजे स्मृती टिकविण्याचे अर्धे रहस्य लक्ष विचलित न होण्यात आहे.

पुढे वृद्ध माकडांची हीच परीक्षा घेण्यात आली. थांबण्याचा काळ अगदी थोडा असता त्यांना उत्तर देता येई. तो काळ वाढविला की ती चुकू लागत. मध्येच काही हालचाल किंवा आवाज झाला तर चुका अधिक होत. याउलट दोन वस्तूंपैकी कोणत्या वस्तूखाली नेहमी खाऊ असतो, यासारखी साधी ओळख ती बऱ्याच अंशी तरुण माकडांप्रमाणे शिकत. कोठार शाबूत होते. पाटीवरची अक्षरे मात्र लवकर पुसली जात होती.

पेशी मेल्या की मूक झाल्या?

वय वाढू लागले की मेंदूतील पेशी दररोज मोठ्या संख्येने मरतात, ही समजूत आजही प्रचलित आहे. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानवी मेंदूच्या पृष्ठभागातील पेशींची संख्या वयानुसार बरीच घटते असे म्हटले होते आणि ते अनेक वर्षे प्रमाण मानले गेले. पुढे पेशी मोजण्याच्या अधिक काटेकोर पद्धती आल्या. त्यांनी माणसांच्या व माकडांच्या मेंदूंची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा रोग नसलेल्या वृद्ध मेंदूच्या बहुतांश भागांत पेशींची संख्या फारशी कमी झालेली नसते असे दिसून आले.

मग बदलते ते काय? चेतापेशीच्या फांद्यांवर अतिशय सूक्ष्म अंकुर असतात. शेजारच्या पेशीशी तिचा जोड याच अंकुरांवर होतो. वृद्ध माकडांच्या पूर्वललाट भागात हे अंकुर कमी झालेले आढळतात, आणि त्यातही बारीक, लवचीक अंकुरांची घट सर्वांत अधिक असते. हे बारीक अंकुर नव्या, क्षणोक्षणी बदलणाऱ्या गोष्टी धरून ठेवण्यासाठी उपयोगी पडतात, तर जाड व पक्के अंकुर जुन्या शिकवणुकीशी निगडित असावेत असे मानले जाते. जुने आठवते आणि आताचे विसरते, या सर्वांच्या परिचयाच्या अनुभवामागील एक कारण हे असावे. पेशी मरत नाहीत. त्यांचे आपसांतील बोलणे कमी होते. ते कमी होण्यात पेशींभोवतीच्या रसायनांचा मोठा वाटा आहे.

रसायनांचे प्रमाण

एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो बहुधा रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने. त्यांपैकी काही द्रव्ये प्रत्यक्ष निरोप नेतात, तर काही द्रव्ये निरोप नीट पोहोचेल अशी स्थिती निर्माण करतात. डोपामीन, नॉरॲड्रिनॅलीन आणि ॲसिटिलकोलीन ही दुसऱ्या प्रकारची द्रव्ये होत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींच्या लहान समूहांतून ती सर्वत्र पुरविली जातात.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच या विदुषी त्या गटात होत्या. त्यांनी तरुण माकडांच्या पूर्वललाट भागातील पेशी तशाच ठेवल्या, परंतु तेथील डोपामीन नाहीसे केले. ती माकडे स्मृतीच्या परीक्षेत, तो भागच कापून काढला असावा अशा रीतीने, नापास होऊ लागली. डोपामीनची उणीव भरून काढणारी औषधे देताच त्यांची कामगिरी सुधारली. सर्व यंत्रे जागच्या जागी असून वंगण संपल्यामुळे गिरणी थांबावी, तशातला हा प्रकार होता. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, वृद्ध ऱ्हीसस माकडांच्या मेंदूचे रासायनिक मापन प्रसिद्ध झाले. नैसर्गिक वार्धक्यातही पूर्वललाट भागातील डोपामीनचे प्रमाण लक्षणीय घटते, असे त्यातून दिसून आले.

मात्र कमी पडते म्हणून भरमसाट द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. आमटीत मीठ नसेल तर ती अळणी होते आणि अधिक पडले तर तोंडात घालवत नाही. डोपामीनचे तसेच आहे. त्याचे प्रमाण फार कमी असले किंवा फार वाढले, तरी कार्यस्मृती बिघडते. भीती, अपमान किंवा घाई यांमुळे मनावर ताण आला असता डोपामीन आणि नॉरॲड्रिनॅलीन यांचा पूर्वललाट भागात पूर येतो आणि तो भाग काही काळ जणू बंद पडतो. परीक्षेच्या भीतीने पाठ केलेली उत्तरे विसरणाऱ्या विद्यार्थ्याचा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

वाटेत पाझरणारे पाणी

१९८५ मध्ये येल विद्यापीठातील एमी आर्नस्टेन आणि गोल्डमन-राकिच यांनी वृद्ध माकडांना क्लोनिडीन हे औषध देऊन पाहिले. रक्तदाब कमी करण्यासाठी वापरले जाणारे हे औषध नॉरॲड्रिनॅलीनच्या एका विशिष्ट ग्राहकस्थानावर कार्य करते. औषध दिलेल्या वृद्ध माकडांची स्मृती सुधारली. परंतु त्याने गुंगी येई व रक्तदाबही उतरे. पुढे १९८८ मध्ये ग्वानफॅसीन या त्याच वर्गातील औषधाने गुंगीशिवाय असाच लाभ होतो असे दाखविण्यात आले.

हा लाभ नेमका कोठे होतो, याचा उलगडा होण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १९७१ मध्ये अमेरिकेत होआकिन फुस्टर यांच्या गटाने व जपानमध्ये दुसऱ्या एका गटाने असे शोधून काढले होते की, माकड खाऊची जागा मनात धरून थांबलेले असते तेव्हा पूर्वललाट भागातील काही पेशी सतत विद्युत स्पंदने सोडत राहतात. समोर काहीही दिसत नसताना चालू राहणारी ही स्पंदने म्हणजेच मनातल्या पाटीवरची अक्षरे होत. २०११ मध्ये आर्नस्टेन यांच्या गटाने तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध माकडांतील या स्पंदनांची तुलना केली. खूण समोर असते तेव्हा उठणारी स्पंदने तिन्ही वयांत सारखीच आढळली. खूण नाहीशी झाल्यानंतर टिकून राहावयाची स्पंदने मात्र वयानुसार मंदावत गेली, आणि ही मंदी मध्यम वयातच सुरू झालेली होती.

याचे कारण थोडक्यात असे सांगता येईल. पाटातून शेताकडे पाणी जात असताना पाटाला वाटेत जागोजागी तोंडे फुटलेली असतील, तर विहिरीला पाणी भरपूर असूनही शेवटच्या वाफ्यापर्यंत ते पोहोचत नाही. चेतापेशीच्या अंकुरांवर अशीच सूक्ष्म दारे असतात. पेशीतील ‘चक्रीय एएमपी’ नावाचे रसायन वाढले की ती उघडतात आणि येणारा निरोप वाटेतच क्षीण होतो. तरुणपणी या रसायनाला आळा घालणारी व्यवस्था चोख असते; वयोमानाने ती ढिली पडते. ग्वानफॅसीनसारखे द्रव्य त्या रसायनाला आवर घालते व दारे मिटू लागतात. या प्रयोगात अशी द्रव्ये एकेका पेशीजवळ अत्यल्प मात्रेत सोडली असता वृद्ध पेशींची मंदावलेली स्पंदने पुन्हा जोमाने उठू लागली. पेशी मेलेली असती, तर असे घडले नसते.

ॲसिटिलकोलीनचा शोध

तिसरे द्रव्य ॲसिटिलकोलीन. १९७४ मध्ये निरोगी तरुण माणसांना याच्या कार्यात अडथळा आणणारे औषध दिले असता काही काळ त्यांची स्मृती वृद्धांसारखी झाल्याचे आढळले. रेमंड बार्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर याच दिशेने काम केले. ॲसिटिलकोलीन अधिक काळ टिकविणाऱ्या औषधाने काही वृद्ध माकडांची स्मृती सुधारली, परंतु प्रत्येक माकडाला लागू पडणारी मात्रा निराळी होती. १९८२ मध्ये या सर्व पुराव्याच्या आधारे त्यांनी वार्धक्यातील विस्मरणाचा संबंध या द्रव्याशी जोडणारा सिद्धांत मांडला. अल्झायमरच्या रोगावर आजही दिले जाणारे, अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेले डोनेपेझिल हे औषध याच विचारातून निघाले. ते रोग बरा करीत नाही. काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य करते.

१९९९ मध्ये सॅन डिएगो येथील शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ॲसिटिलकोलीन पुरविणाऱ्या पेशी वृद्ध माकडांत मेलेल्या नसून आकसलेल्या होत्या. चेतापेशींची वाढ करणारे एक प्रथिन त्यांच्याजवळ पोहोचविण्याची व्यवस्था केल्यावर त्यांतील पुष्कळशा पेशी पुन्हा पूर्ववत दिसू लागल्या. सुकलेले झाड आणि पाण्यावाचून कोमेजलेले झाड यांत जो फरक असतो, तोच येथे होता.

माकडापासून माणसापर्यंत

या यशामुळे वृद्धांसाठी स्मृतीची गोळी लवकरच निघेल असे कोणास वाटल्यास नवल नाही. येथे मात्र सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. ७५ वर्षे व त्यावरील निरोगी व्यक्तींना ग्वानफॅसीन देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या विचारशक्तीत सुधारणा दिसून आली नाही. त्याच वर्षी अल्झायमरच्या रुग्णांना वाढीचे प्रथिन पुरविण्याच्या चाचणीतही लाभ सिद्ध झाला नाही. एका पेशीजवळ अचूक सोडलेला थेंब आणि सर्व शरीरात पसरणारी गोळी यांत अंतर आहे. पिंजऱ्यातील निरोगी माकड आणि आयुष्यभराचे आजार व औषधे सोबत घेऊन आलेला माणूस यांतही अंतर आहे. ग्वानफॅसीनचा उपयोग मात्र अन्यत्र झाला. लक्ष एकाग्र न होणाऱ्या, अतिचंचल मुलांच्या उपचारासाठी त्याच्या एका प्रकारास अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली.

याचे तात्पर्य उघड आहे. ‘स्मृती वाढविणारी’ म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या औषधांवर आंधळा विश्वास ठेवू नये आणि वृद्धांना अशी औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नयेत. प्राण्यांवरील अशा प्रयोगांविषयी आक्षेप घेतले जातात व ते गंभीरपणे विचारात घेण्यासारखे आहेत. म्हणूनच या प्रयोगांतून मिळालेले ज्ञान काळजीपूर्वक, अतिशयोक्ती न करता वापरणे हे त्यांचे ऋण फेडण्यासारखे होय.

औषधावाचून होणारा एक लाभही माकडांत दिसला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मध्यम वयाच्या व त्याहून थोड्या मोठ्या माकडांना रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, पाच महिने फिरत्या पट्ट्यावर धावविण्यात आले. बसून राहिलेल्या माकडांपेक्षा ती नवी कामे लवकर शिकली. त्यांच्यातील वयाने मोठ्या माकडांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे जाळेही वाढले. परंतु तीन महिने व्यायाम बंद ठेवताच ही वाढ ओसरली. माणसांच्या बाबतीतही व्यायाम, रक्तदाब व मधुमेह यांवर नियंत्रण, तंबाखू व अतिमद्यपान यांचा त्याग, श्रवणदोषावर वेळीच उपाय आणि माणसांत मिसळणे या गोष्टींनी स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होऊ शकतो. सुधारता येण्याजोग्या अशा चौदा कारणांकडे वेळीच लक्ष दिल्यास स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबविता येतील, असा अंदाज जागतिक पातळीवरील तज्ज्ञांच्या एका मंडळाने २०२४ मध्ये व्यक्त केला आहे.

व्यवहारातील बोध

या साऱ्या संशोधनाचा गावातील कारभाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध निकटचा आहे. वृद्ध नागरिक निवृत्तिवेतनासाठी, शिधापत्रिकेसाठी किंवा सात-बाराच्या उताऱ्यासाठी कार्यालयात येतो. त्याला एका दमात चार कागद, दोन खिडक्या आणि तीन तारखा सांगितल्या जातात. मागे रांग उभी असते, कोणी घाई करीत असतो. तो गोंधळतो आणि पुन्हा विचारतो. मग आवाज चढतो आणि त्याच्या मनातल्या पाटीवर जे काही राहिले असते तेही पुसले जाते. येथे त्याची बुद्धी कमी पडत नाही. एका वेळी पाटीवर मावेल त्यापेक्षा अधिक लिहिले गेले आणि वरून ताणाची भर पडली, एवढेच झालेले असते. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, ती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावी, शांत जागी बसवून बोलावे आणि पुन्हा विचारल्यास रागावू नये. या साध्या उपायांना खर्च येत नाही. अंधार केल्यावर माकडाची स्मृती सुधारली होती. गोंगाट कमी केल्यावर माणसाचीही सुधारते.

ग्रामसभेत एखाद्या वृद्ध सदस्याला आताच मांडलेल्या ठरावाचा क्रमांक आठवला नाही, म्हणून त्याचे मत हलके मानू नये. गावचा जुना ओढा कोठून वाहत असे, कोणत्या वर्षी कोणती विहीर आटली, हे त्याच्या कोठारात सुरक्षित असते आणि निर्णयासाठी पुष्कळदा तेच मोलाचे ठरते. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना आजोबा-आजींच्या विस्मरणाचे कारण सोप्या शब्दांत सांगावे. हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट आणि समजून घेण्याजोगी गोष्ट यांतील फरक मुलांना लवकर कळतो.

त्याचबरोबर रोगाची चिन्हे ओळखणेही तितकेच आवश्यक आहे. एखादे नाव ऐन वेळी न आठवणे आणि थोड्या वेळाने आठवणे, हे वयाचे लक्षण होय. रोजच्या वाटेवरून घरी येताना वाट चुकणे, जेवण झाल्याचेच विसरणे, नेहमीचे व्यवहार किंवा स्वयंपाक न जमणे, स्वभावात एकदम पालट होणे ही वयाची लक्षणे नव्हेत. अशा व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात तपासणीसाठी न्यावे. थायरॉइडचा विकार, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, औदासीन्य किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपाय आहेत.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्यांनी प्रथम उच्चारली, त्यांनी एक खरी गोष्ट पाहिली होती. तिचे कारण मात्र त्यांना कळण्याजोगे नव्हते. आज ते बऱ्याच अंशी कळलेले आहे. बुद्धी नाठी होत नाही. ती जागच्या जागी असते. तिच्याकडे जाणारे पाणी वाटेत पाझरते. ते पाझरणे पूर्णपणे थांबविणारे औषध अद्याप माणसाच्या हाती आलेले नाही. परंतु चार शब्द सावकाश बोलणे, एक कागद लिहून देणे आणि पुन्हा विचारणाऱ्यास पुन्हा सांगणे, हे प्रत्येक कार्यालयाच्या, शाळेच्या आणि घराच्या हाती आजही आहे.